सत्ताही त्यांचीच, मोर्चाही त्यांचाच

औरंगाबादच्या, म्हणजे २०२३ पासून अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालेल्या शहराच्या क्रांती चौकाला हे नाव १८५७ वरून मिळाले आहे. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळातील शिपायांनी त्या वर्षीच्या जून महिन्यात येथे बंड केले. ते मोडून काढण्यात आले आणि बंडवाल्यांपैकी काहींना काळ्या चबुतऱ्यापाशी देहदंड देण्यात आला. पुढे याच चौकात छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. फेब्रुवारी २०२२ पासून तेथे आधीपेक्षा उंच चौथऱ्यावरचा नवा पुतळा आहे. शहरात सरकारविरुद्ध कोणाला काही म्हणावयाचे असेल तर तो प्रथम या चौकाची वाट धरतो. निदर्शने येथे, रास्ता रोको येथे, उपोषणाचा मांडवही पुष्कळदा येथेच. राजधानीपासून दूर असलेल्या या शहराचा विरोधी बाक चौकात मांडलेला आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

मात्र या बाकावर येऊन बसणारे कोण, हे पाहू लागले की गोंधळ उडतो. २३ मे २०२२ रोजी भारतीय जनता पक्षाने देवेंद्र फडणवीस यांच्या नेतृत्वाखाली जवळच्याच पैठण गेटपासून महापालिकेवर ‘जलआक्रोश’ मोर्चा नेला. शहराला कित्येक दिवसांआड पाणी मिळते, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो अक्षरशः खरा होता. राज्यात तेव्हा उद्धव ठाकरे यांचे सरकार होते. परंतु २०१४ ते २०१९ या काळात राज्याचे मुख्यमंत्री फडणवीसच होते आणि महापालिकेत भाजप हा शिवसेनेच्या जोडीने, अधूनमधूनचे अपवाद वगळता, दोन दशकांहून अधिक काळ सत्तेत होता. तीन वर्षांनी, मे २०२५ मध्ये, याच शहरात याच पाण्यासाठी आदित्य ठाकरे यांच्या नेतृत्वाखाली मोर्चा निघाला. घोषणा होती, ‘लबाडांनो पाणी द्या’. आता फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री होते आणि ठाकरे रस्त्यावर. ज्यांनी ज्यांना लबाड म्हटले त्या दोघांनी मिळून हे शहर चालविले होते, याची आठवण मोर्चाच्या गर्दीत कोणी काढली नाही. काढली असती तरी ती कोणाला रुचली नसती.

सत्तेत कोण आणि विरोधात कोण ही विभागणी आपण पाठ्यपुस्तकात शिकतो तशी ती येथे कधी होती काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे आहे की, मराठवाड्यात वर्चस्वी पक्षाने नेहमी दोन्ही जागा व्यापल्या. प्रथम काँग्रेसने, नंतर शिवसेनेने आणि आता भाजपने. पद्धती मात्र तिघांच्या निरनिराळ्या होत्या, आणि त्या फरकातच या प्रदेशाचा इतिहास दडलेला आहे.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. आपण ज्याला मोर्चा म्हणतो तो शब्द मुळात लढाईतला. किल्ल्यापुढे खणलेली, तोफा रोखलेली जागा म्हणजे मोर्चा; ‘मोर्चे लावले’ हा प्रयोग बखरी वाचणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. आजचा मोर्चा मात्र जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फाटकाशी थांबतो, त्यातून पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते आणि ‘निवेदन’ देते. निवेदन हा शब्द विनंतीच्या कुळातला. वेढा घालायला निघायचे आणि अर्ज देऊन परतायचे, हा प्रवास एका दिवसात, भर उन्हात, शेकडो वेळा झालेला आहे. मराठी विरोधी राजकारणाचा सारा ताण या दोन शब्दांत सापडतो.

स्वातंत्र्योत्तर काँग्रेसविषयी रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये मांडलेले विवेचन राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. त्यांच्या मते काँग्रेस हा सर्वसंमतीचा पक्ष आणि इतर सारे दबावाचे पक्ष. विरोधकांनी सत्ता घ्यावी अशी अपेक्षाच नाही. त्यांनी बाहेरून टोचावे आणि त्या टोचणीचा उपयोग काँग्रेसमधील एखाद्या गटाने दुसऱ्या गटाविरुद्ध करून घ्यावा. १९६२ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या २६४ जागांपैकी २१५ काँग्रेसकडे गेल्या. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष शेतकरी कामगार पक्ष, त्याचे १५ आमदार. तरीही शेकापचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

कोठारींच्या विवेचनाचा मराठवाड्यातील ठसठशीत दाखला म्हणजे १९७४ चे विकास आंदोलन. निजामी राजवटीतून १९४८ मध्ये सुटलेला हा प्रदेश १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. नागपूर करारातील आश्वासने कागदावर होती, तर बहात्तरचा दुष्काळ अंगावर. नोकऱ्या, रुंदमापी रेल्वे, सिंचन, उद्योग या मागण्यांसाठी विद्यार्थी रस्त्यावर उतरले. वसमतला गोळीबार झाला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे मुक्तिसंग्रामातील ज्येष्ठ या मागण्यांच्या पाठीशी उभे राहिले. अनंत भालेराव यांचा ‘मराठवाडा’ हे या असंतोषाचे वर्तमानपत्र होते. पुढे काय झाले? फेब्रुवारी १९७५ मध्ये अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक गेले आणि नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. नाईकांच्या जाण्यामागे दिल्लीची कारणे होतीच, ती नाकारण्याचे कारण नाही. तरीही मराठवाड्याच्या वाट्याला पहिला मुख्यमंत्री या आंदोलनानंतर अवघ्या काही महिन्यांत आला. विरोधकांनी आंदोलन केले आणि त्याचे फळ सत्ताधारी पक्षाने आपल्याच घरात एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे सोपविले. मागणीचा काही अंश पूर्ण झाला, पक्ष शाबूत राहिला आणि विरोधकांच्या हाती निवेदनाची स्थळप्रत उरली.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे अरुण साधूंची ‘सिंहासन’ ही कादंबरी आठवल्यावाचून राहत नाही. जब्बार पटेलांचा १९७९ चा चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्या कथेतील मुख्यमंत्र्याला भय आहे ते स्वतःच्या अर्थमंत्र्याचे. विधिमंडळातील विरोधी पक्ष तेथे पार्श्वसंगीतापुरता आहे. कामगार पुढाऱ्याची चळवळसुद्धा सत्ताधाऱ्यांच्या भांडणात एक सोंगटी होऊन बसते. कोठारींनी जे सूत्ररूपाने सांगितले ते साधूंनी माणसांच्या तोंडून वदविले. मराठी समीक्षेने या कादंबरीला ‘राजकीय कादंबरी’ म्हणून कपाटात ठेवून दिले, तिच्यातील विरोधी पक्षाच्या पोकळीविषयी मात्र ती फारशी बोलली नाही.

काँग्रेसी व्यवस्थेची ही कला कोठे तोकडी पडते, ते १९७८ ने दाखविले. शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मांडला. दोन्ही सभागृहांनी तो एकमताने संमत केला. म्हणजे सभागृहात विरोधक नव्हताच. त्याच आठवड्यात मराठवाड्यातील गावोगावी दलितवस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. मुंबईत हात वर करणाऱ्या पक्षांचेच कार्यकर्ते गावात काय करीत होते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि त्याचे उत्तर कोणत्याही पक्षाने दिले नाही. अधिक खेदाची गोष्ट अशी की, चार वर्षांपूर्वी विकास आंदोलनाला नैतिक बळ देणारे गोविंदभाईंसारखे नेते नामांतराच्या विरोधात उभे राहिले. ज्यांना आपण या प्रदेशाची सदसद्विवेकबुद्धी मानत होतो, त्यांच्या ‘मराठवाड्याच्या अस्मिते’त मराठवाड्यातीलच लक्षावधी माणसांना जागा नव्हती, हे त्या दिवसांनी उघड केले. पुढची सोळा वर्षे नामांतराचा खरा विरोधी पक्ष, म्हणजे सत्तेला तिच्या स्वतःच्याच शब्दाची आठवण करून देणारा पक्ष, सभागृहाबाहेर होता. १९७९ चा लाँग मार्च आणि त्यानंतरचे असंख्य सत्याग्रह करणारे दलित तरुण हा तो पक्ष. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तेव्हा मुख्यमंत्री पुन्हा पवारच होते.

पण मधल्या काळात या शहरात एक घटना घडली होती आणि तिच्याकडे राजकीय इतिहासाने पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. १९८५ च्या विधानसभेत काँग्रेसचे १६१ आमदार होते आणि पवारांच्या समाजवादी काँग्रेसचे ५४. जनता पक्ष, शेकाप, भाजप यांच्यासह त्यांनी आघाडी उभारली होती आणि पवार विरोधी पक्षनेते होते. महाराष्ट्रात प्रथमच, पुलोदचा दीड वर्षांचा अपवाद सोडल्यास, सत्ताधाऱ्यांना पर्याय ठरू शकेल असा विरोध सभागृहात दिसत होता. डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबादेत, राजीव गांधी यांच्या उपस्थितीत, हा पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. विरोधी पक्षनेतेपद जनता पक्षाच्या निहाल अहमद यांच्याकडे गेले आणि पुढील तीन-चार वर्षांत ते पद इतक्या हातांतून फिरले की विरोधाला चेहरा म्हणून राहिला नाही.

ज्या तरुणांनी सात-आठ वर्षे काँग्रेसविरोधी घोषणा दिल्या, पवारांच्या सभांसाठी सतरंज्या अंथरल्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी काय करावे? विलीनीकरणाच्या वृत्तांतात पुढाऱ्यांची नावे असतात, सतरंजी उचलणाऱ्यांची नसतात. त्यांच्यातील पुष्कळांना परत जाण्यासाठी काँग्रेसचे घर नव्हते, कारण तेथील ओसरी आधीच भरलेली होती. मुंबई-ठाण्यात वीस वर्षे रमलेली शिवसेना नेमक्या याच सुमारास मराठवाड्यात आली. जानेवारी १९८७ मध्ये वेगळ्या अर्थाने पोरका झालेला विरोध तिने उचलला. तिने त्याला काँग्रेसविरोधाबरोबरच मुस्लिमविरोधाची धार दिली, नामांतरविरोधाने दुखावलेल्या व चिडलेल्या सवर्ण तरुणांना जवळ केले आणि शाखेची पाटी गावच्या पारावर नेली. एप्रिल १९८८ च्या सुमारास झालेल्या औरंगाबाद महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीत साठपैकी २७ जागा मिळवून ती सर्वांत मोठा पक्ष ठरली. महापौरपद मात्र काँग्रेसकडे गेले. ८ मे १९८८ रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावरील सभेत शहराचे नाव ‘संभाजीनगर’ असल्याचे जाहीर केले. पवारांनी रिकामी केलेली जागा दीड वर्षाच्या आत भरली गेली होती. वर्चस्वी पक्षाने विरोधी पक्ष पोटात घेतला की विरोध नाहीसा होत नाही, तो अधिक कडव्या हातांत जातो. औरंगाबादने हे आपल्या अंगावर अनुभवले, दंगलींसह.

शिवसेनेने काँग्रेसप्रमाणे विरोधकांना सामावून घेण्याचा मार्ग धरला नाही. तिने स्वतःच दोन भूमिका केल्या. खासदार तिचा (१९९८ चा अपवाद सोडला तर १९८९ पासून २०१९ पर्यंत), महापालिका तिची आणि तरीही चौकात टायर जाळणारा कार्यकर्ताही तिचाच. यात तिला राज्यव्यवस्थेच्या मजल्यांचा मोठा उपयोग झाला. १९९९ ते २०१४ या काळात राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते. त्यामुळे महापालिकेत सत्ताधारी असलेली सेना मुंबईकडे बोट दाखवून विरोधक राहू शकत होती. मुंबईचे सरकार महापालिकेकडे बोट दाखवी. नागरिकाला बोटे तेवढी दिसत.

नावाच्या प्रश्नाचेही तसेच झाले. १९९५ मध्ये युतीचे सरकार येताच नामांतराची अधिसूचना निघाली, ती न्यायालयात अडकली, पुढे आघाडी सरकारने ती मागे घेतली. त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत ‘संभाजीनगर’ ही मागणी विरोधकाच्या आवाजात मांडली गेली. उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने हा निर्णय घेतला तो २९ जून २०२२ रोजी, म्हणजे ज्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला त्याच दिवशी. अडीच वर्षांच्या सत्तेतला अखेरचा दिवस! पुढच्या सरकारने जुलैमध्ये तो निर्णय नव्याने, ‘छत्रपती’ हे पद जोडून घेतला आणि २०२३ मध्ये केंद्राची संमती आली. नामांतर योग्य की अयोग्य हा वाद येथे घालावयाचा नाही. काही मागण्या पूर्ण होण्यापेक्षा मागितल्या जाण्यातच पक्षाला अधिक मोलाच्या असतात, एवढीच नोंद करावयाची आहे.

पाण्याचे तसे नाही. पाणी मागून भागत नाही. जायकवाडीचा नाथसागर शहरापासून पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि नळाला दिवसाआड, मग तीन दिवसांआड, मग आठवड्याने पाणी, अशी उतरती भाजणी दोन दशके चालली. ‘समांतर’ जलवाहिनीची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. योजनेला पैसा केंद्रातील काँग्रेसप्रणीत सरकारच्या योजनेतून, राज्याचा वाटा काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारचा आणि राबविणारी महापालिका सेना-भाजपची. २०११ मध्ये खासगी कंपनीशी करार झाला, २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठा तिच्या हाती गेला, २०१६ मध्ये त्याच महापालिकेने, त्याच युतीच्या कारकिर्दीत, करार मोडला. करार करताना जे सत्ताधारी होते, त्यांचाच पक्ष तो मोडताना जनतेच्या वतीने कडाडून बोलत होता. सर्व पक्षांचे हात योजनेला लागलेले असल्यामुळे ती फसल्याचा जाब विचारणारा पक्ष शिल्लक नव्हता. २०१५ च्या महापालिका निवडणुकीत ११३ पैकी शिवसेना २९ आणि भाजप २२ अशी युती सत्तेत आली आणि दुसऱ्या क्रमांकाचा एमआयएम विरोधात बसला. त्या पक्षाने पाणी, कचरा हे प्रश्न मांडले हे खरे; परंतु सभागृहात खडाजंगी झाली की ती वंदे मातरम् नाहीतर नामांतरावर होई आणि पाण्याचा विषय पुढच्या सभेवर ढकलला जाई. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही ते सोयीचे होते.

डिसेंबर २०२० मध्ये १६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले. तिचा खर्च पुढे २७४० कोटींवर गेला. कामाचा पाठपुरावा कोणी केला? उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने. जनहित याचिकेच्या सुनावणीत किती किलोमीटर वाहिनी टाकली, किती जलकुंभ पूर्ण झाले, असे प्रश्न न्यायमूर्ती विचारीत होते. सभागृहात नगरसेवकाने विचारावयाचे ते हे प्रश्न. परंतु एप्रिल २०२० मध्ये मुदत संपल्यापासून महापालिकेत प्रशासक होता आणि सभागृहच नव्हते. म्हणून मग वर्तमानपत्रांतून न्यायालयाचे ताशेरे आणि रस्त्यावरून पक्षांचे मोर्चे.

या साऱ्या काळात क्रांती चौकाने एकदा वेगळे दृश्य पाहिले. ९ ऑगस्ट २०१६ रोजी, कोपर्डीच्या घटनेनंतर, मराठा क्रांती मूक मोर्चांपैकी पहिला येथून निघाला. घोषणा नाहीत, व्यासपीठ नाही, पुढारी मागे आणि मुली पुढे. सर्व पक्षांचे मराठा नेते त्यात होते आणि कोणत्याही पक्षाचा झेंडा नव्हता. आरक्षणाच्या मागणीविषयी मते भिन्न असू शकतील, ॲट्रॉसिटी कायद्याविषयीच्या मागणीने दलित समाजात भय निर्माण झाले हेही विसरता येत नाही. तथापि राज्य स्थापन झाल्यापासून ज्या समाजातून सर्वाधिक सत्ताधारी आले त्या समाजाने पुढाऱ्यांना शेवटच्या रांगेत चालावयास लावले, हा पक्षव्यवस्थेवरचा शेरा होता. शिवसेना तेव्हा राज्याच्या सरकारात होती आणि ‘राजीनामे खिशात आहेत’ असे सांगत होती. ते खिशातच राहिले.

विरोधी पक्षनेतेपदाचे काय झाले हेही पाहिले पाहिजे. नारायण राणे हे विरोधी पक्षनेते असलेले २००५ मध्ये काँग्रेसमध्ये जाऊन मंत्री झाले. एकनाथ शिंदे २०१४ मध्ये महिनाभरही विरोधी पक्षनेते नव्हते, तोच सेना सरकारात गेली आणि ते मंत्री झाले. राधाकृष्ण विखे पाटील २०१९ मध्ये ते पद सोडून भाजप सरकारात मंत्री झाले. अजित पवार २ जुलै २०२३ च्या सकाळी विरोधी पक्षनेते होते आणि दुपारी उपमुख्यमंत्री. हे पद सत्तेच्या वाड्याची ओसरी झाले आहे. पाहुणा तेथे थोडा वेळ टेकतो आणि मग आत बोलावणे येते. सुहास पळशीकर यांनी ज्याला दुसरी वर्चस्वी पक्षव्यवस्था म्हटले आहे, तिचे हे महाराष्ट्री रूप. काँग्रेस गटांना सामावून घेई. आता पक्षच्या पक्ष, चिन्हासकट, आत घेतले जातात. २०२४ च्या लोकसभेत येथून शिंदे यांच्या शिवसेनेचे संदिपान भुमरे निवडून आले आणि विधानसभेला जिल्ह्यातील नऊच्या नऊ जागा शिवसेना व भाजप यांनी वाटून घेतल्या. दोन शिवसेनांपैकी एक सत्तेत, एक विरोधात. जुनीच दुहेरी भूमिका आता दोन पात्रांत विभागली गेली आहे, इतकेच.

२०२४ च्या विधानसभेत महायुतीचे २३० हून अधिक आमदार आले. विरोधातील सर्वांत मोठा पक्ष ठाकरे यांचा, त्याचे २०. एकूण संख्येच्या एक दशांश आमदार नाहीत म्हणून विरोधी पक्षनेता नेमला गेला नाही. १९६२ मध्ये १५ आमदारांवर धुळपांना मिळालेला मान आठवावा. एक दशांशाची ही अट कायद्यात नाही असे विरोधक म्हणतात. काँग्रेसच्या चढत्या काळातील सत्ताधाऱ्यांना तिची गरज वाटली नव्हती. विधान परिषदेत हे पद याच शहराच्या अंबादास दानवे यांच्याकडे होते. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची मुदत संपली आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात नागपूरचे अधिवेशन दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नसताना पार पडले.

जानेवारी २०२६ मध्ये, मुदत संपल्यानंतर जवळजवळ सहा वर्षांनी, महापालिकेची निवडणूक झाली. भाजप पहिल्या क्रमांकावर आला आणि एमआयएम दुसऱ्या. ज्या सेनेने हे शहर तीन दशके एकाच वेळी चालविले आणि अडविले, तिच्या दोन्ही वाटण्या त्यांच्या मागे राहिल्या. प्रचारात सर्वच पक्षांनी पाण्याचे आश्वासन दिले होते.